पोटोबा, विठोबा आणि इस्पितळांतील नोकर

आत्मचरित्र लिहिणाऱ्या माणसांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. कांहींनीं पुष्कळ केलेलें असतें व तें जगाला सांगावें असें त्यांना वाटतें. कांहींनीं पुष्कळ पाहिलेलें असतें व तें आपल्याबरोबर जाऊं नये एवढीच त्यांची इच्छा असते. तिसराहि एक वर्ग आहे, परंतु तो विरळा. या वर्गांतील लेखकाचें सारें आयुष्य दुसऱ्यांचीं गाऱ्हाणीं चव्हाट्यावर मांडण्यांत गेलेलें असतें. आणि उतारवयांत तो स्वतःविषयीं बोलावयास बसला म्हणजे आपला स्वतःचा आवाज कोणता, हेंच त्याला नीटसें आठवत नाहीं. न्यू यॉर्क शहरांतील इस्पितळ-कामगारांच्या संघाचे एक प्रमुख कार्यकर्ते मो फोनर यांचें 'नॉट फॉर ब्रेड अलोन' हें आत्मचरित्र या तिसऱ्या वर्गांत पडतें. डॅन नॉर्थ यांच्या साह्यानें सिद्ध झालेलें हें पुस्तक कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें २००२ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत फोनर निवर्तले.

पुस्तक निघून वीस वर्षें उलटलीं असतां आज त्याचा परामर्श कां घ्यावा, असें कोणी विचारील. त्यास आमचें पहिलें उत्तर असें कीं, पुस्तक निघतांच अभिप्राय देण्याच्या घाईंत त्याचा ताजेपणा तेवढा तपासला जातो. टिकाऊपणा तपासावयास काळच जावा लागतो. दुसरें असें कीं, मध्यंतरीं २०२० सालची महामारी येऊन गेली. त्या वर्षाच्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस सायंकाळीं पांच वाजतां आपण सर्वांनीं गच्चींत आणि सज्जांत उभें राहून थाळ्या वाजविल्या, टाळ्या पिटल्या. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठीं त्या वाजविल्या हें तर खरेंच. परंतु इस्पितळांत फरशी पुसणारा, मळलेल्या चादरी गोळा करणारा, प्रेत उचलून नेणारा जो मनुष्य, त्याच्यासाठींहि त्या वाजल्या. थाळी वाजवून झाल्यावर त्या माणसाच्या थाळींत काय पडतें, हा प्रश्न आपणांपैकीं कितीजणांच्या मनांत आला? फोनर यांचें पुस्तक आदीपासून अंतापर्यंत याच प्रश्नाभोवतीं फिरतें, म्हणून तें आज पुन्हां उघडणें अगत्याचें आहे.

प्रथम चरित्रनायकाची ओळख करून घेऊं. फोनर यांचा जन्म १९१५ सालीं ब्रुकलिन भागांत, परदेशाहून येऊन स्थायिक झालेल्या एका ज्यू कुटुंबांत झाला. चार भाऊ. थोरले जुळे, फिलिप आणि जॅक, इतिहासकार म्हणून पुढें आले. धाकटा हेन्री हा फर व कातडें यांचें काम करणाऱ्या कामगारांच्या संघाचा अध्यक्ष झाला. १९४१ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या विधिमंडळाच्या एका समितीनें शिक्षणसंस्थांतील कम्युनिस्ट हुडकून काढण्याची मोहीम आरंभिली आणि त्या वावटळींत या भावांच्या नोकऱ्या गेल्या. सिटी कॉलेजच्या कचेरींत काम करणारे मो हेहि त्यांत होते. हे भाऊ हौशी वादक असत. नोकरीवरून दूर केले जातांच त्यांनीं आपल्या वाद्यवृंदाला 'सस्पेंडेड स्विंग', म्हणजे निलंबितांचा ताफा, असें नांव देऊन टाकलें! आमच्या मतें या एका गोष्टींत लेखकाचा सारा स्वभाव सांपडतो. अपमान झाला तर त्याचें गाणें करावयाचें, आणि तें गाणें चार लोकांना जमवून ऐकवावयाचें, हा त्यांचा धर्म. पुढील साठ वर्षें त्यांनीं याहून निराळें असें फारसें कांहीं केलें नाहीं. फक्त अपमान मोठे होत गेले व श्रोते वाढत गेले.

दुकानांतील नोकरांच्या संघांत शिक्षण व करमणूक यांची व्यवस्था कांहीं वर्षें पाहिल्यावर १९५२ च्या सुमारास फोनर 'संघ क्रमांक ११९९' या संस्थेंत दाखल झाले. औषधांच्या दुकानांत काम करणाऱ्यांचा हा लहानसा संघ १९३२ सालीं निघालेला होता. त्याचे पुढारी लिऑन डेव्हिस हे पोरवयांत रशियाकडून आलेले. १९५७ सालीं एलियट गोडॉफ नांवाचे एक फार्मासिस्ट त्यांना येऊन मिळाले, आणि औषधविक्यांच्या या चिमुकल्या संघानें इस्पितळांतील नोकरांना संघटित करण्याचें साहस मनांत आणलें. डेव्हिस यांनीं धोरण आंखावें, गोडॉफ यांनीं इस्पितळाच्या तळघरांत, मुदपाकखान्यांत आणि धुलाईघरांत जाऊन एकेका नोकराशीं बोलावें, आणि तेथें जें दिसलें तें फोनर यांनीं सगळ्या शहराला ऐकवावें, अशी ही त्रयी होती.

तेथें काय दिसलें तें सांगितल्यावांचून पुस्तकाचें मर्म कळावयाचें नाहीं. न्यू यॉर्कमधील मोठमोठीं खाजगी इस्पितळें धर्मादाय संस्था म्हणून चालत. त्यांचे विश्वस्त शहरांतील धनिक आणि दानशूर गृहस्थ. परंतु त्यांच्या छताखालीं पूर्ण आठवडा राबणाऱ्या नोकराच्या हातीं तीस-चाळीस डॉलर पडत, आणि कित्येकांना नोकरी असूनहि शहराच्या गरीबखात्याकडून मदत घेऊन महिना काढावा लागे. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यानें अशा इस्पितळांना मजूर-कायद्याच्या कक्षेंतून वगळलें होतें. संघ काढला तर त्याला मान्यता देण्याचें बंधन इस्पितळावर नाहीं; किमान वेतनाचा कायदा नाहीं; आणि संप करावा तर 'रोग्यांना मारतां काय?' हा प्रश्न समोर उभा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नोकरांत बहुसंख्य कृष्णवर्णीय किंवा पोर्तो रिकोहून आलेले, आणि त्यांत स्त्रियाच अधिक.

येथें धर्मादाय या शब्दाचा थोडा विचार करणें अवश्य आहे. विश्वस्तांचें म्हणणें असें कीं, आमची संस्था नफा मिळवीत नाहीं, ती परोपकारासाठीं आहे, तेव्हां तिच्याकडे बाजारभावानें मजुरी मागणें हें शोभत नाहीं. वरवर पाहतां युक्तिवाद गोड आहे. पण त्याचा हिशेब मांडून पाहिला तर काय दिसतें? धनिकानें आपल्या संपत्तीचा एक अंश दिला, आणि त्याचें नांव संगमरवरी पाटीवर कोरलें गेलें. फरशी पुसणाऱ्या बाईनें आपल्या न्याय्य मजुरीचा मोठा हिस्सा दर आठवड्यास संस्थेंत सोडला, आणि तिच्या नांवाची पाटी कोठेंच नाहीं. मिळकतीच्या मानानें पाहतां खरी दाती कोण? शिवाय धनिकाचें दान स्वखुशीचें, तिचें सक्तीचें. ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्याच्याकडून दान वसूल करून आपण उदार म्हणवून घेणें, ही गोष्ट एकट्या न्यू यॉर्कची नाहीं. आपल्याकडील शाळा, अनाथाश्रम, दवाखाने चालविणाऱ्या सत्पुरुषांनींहि हा हिशेब एकदां आपल्या वहींत मांडून पाहावा.

१९५८ च्या डिसेंबरांत माँटिफिओरी इस्पितळांत मतदान झालें. संघाच्या बाजूनें ६२८ मतें, विरुद्ध ३१. हा विजय पाहून इतर इस्पितळांतील नोकर उठले, आणि १९५९ च्या मे महिन्याच्या ८ तारखेस मौंट सिनाई, बेथ इस्राएल, लेनॉक्स हिल इत्यादि इस्पितळांत संप सुरू झाला. पुढें एकंदर सात इस्पितळें त्यांत आलीं. सुमारें साडेतीन हजार माणसें ४६ दिवस बाहेर राहिलीं. संप मिटला तेव्हां संघाला मान्यता मिळालीच नाहीं. वेतनांत थोडी वाढ झाली आणि गाऱ्हाणीं ऐकण्यासाठीं एक समिति नेमली गेली. हिशेबी माणूस म्हणेल, एवढ्यासाठीं हा खटाटोप? परंतु ज्यांना आजवर कोणी गणतींत धरलें नव्हतें ते ४६ दिवस एकत्र उभे राहिले, ही जमेची बाजू कोणत्याहि करारपत्रांत लिहितां येत नाहीं. पुढचा इतिहास तिच्यावरच उभा राहिला. १९६२ सालीं आणखी दोन इस्पितळांत संप होऊन मनाई-हुकूम मोडल्याबद्दल डेव्हिस तुरुंगांत गेले. १९६३ सालीं राज्य सरकारनें न्यू यॉर्क शहरांतील या नोकरांना सामुदायिक वाटाघाटीचा कायदेशीर हक्क दिला. १९६८ सालीं आठवड्यास किमान शंभर डॉलर हें वेतन ठरलें. आणि १९७४ सालीं सर्व देशांतील धर्मादाय इस्पितळें मजूर-कायद्याच्या कक्षेंत आलीं.

या सर्व कथेंत एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे, आणि वाचकाला तो टाळतां यावयाचा नाहीं. रोगी अंथरुणावर असतां त्याच्या सेवेंतील माणसानें काम टाकून निघून जावें काय? आपणांपैकीं ज्यानें आपल्या आईला किंवा मुलाला इस्पितळांत ठेवलें आहे, त्याला या प्रश्नाचें उत्तर नुसत्या घोषणेनें मिळत नाहीं. फोनर यांचें उत्तर असें कीं, ज्यानें वर्षानुवर्षें उपाशी नोकरांकडून सेवा घेतली त्यानेंच रोग्याला धोक्यांत घातलें. संपानें तो धोका उघडा केला एवढेंच. उत्तर बिनतोड आहे. परंतु तें प्रचारकाचें उत्तर आहे. आत्मचरित्रकाराकडून आम्ही याहून अधिकाची अपेक्षा करतों. ज्या रात्रीं संपाचा निर्णय झाला त्या रात्रीं त्यांना झोप लागली काय? या स्थळीं लेखकाची लेखणी जरा लगबगीनें पुढें सरकते. आमच्या मतें संप न्याय्य होता. परंतु न्याय्य कृत्याचीहि किंमत असते, आणि ती कोणी भरली हें सांगण्यानें त्याचा न्याय कमी होत नाहीं, उलट वाचकाचा विश्वास वाढतो.

हाच प्रश्न त्याच सुमारास आपल्या मुंबईंतहि उभा होता. जे. जे. समूहाच्या सरकारी इस्पितळांतील दोन वॉर्ड-नोकरांना कायद्यानें सांगितलेली भरपाई न देतां कामावरून कमी करण्यांत आलें. त्यांची बाजू हॉस्पिटल मजदूर सभेनें घेतली. सरकारचें म्हणणें असें कीं, इस्पितळ हा उद्योगधंदाच नव्हे, तेव्हां औद्योगिक कलहाचा कायदा तेथें लागू नाहीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९६० च्या जानेवारींत न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनीं निकाल दिला कीं, माणसें संघटित रीतीनें राबवून समाजाला सेवा पुरविणारी ही संस्था कायद्याच्या दृष्टीनें उद्योगच आहे. नफा नसणें हें कारण पुरेसें नाहीं. साताऱ्याच्या एका संस्कृत पंडिताच्या घरांत वाढलेल्या या न्यायाधीशानें जें तत्त्व सांगितलें, तें न्यू यॉर्कच्या रस्त्यावर ४६ दिवस फिरणाऱ्या बायका आपल्या पद्धतीनें सांगतच होत्या. १९७० सालीं न्यायालयानें हें मत फिरविलें व १९७८ सालीं सात न्यायमूर्तींच्या पीठानें पुन्हां बहुतांशीं मान्य केलें. सेवा हें धर्मकृत्य कीं काम, या वादानें न्यायालयालाहि दोनदां कूस पालटावयास लावली, यावरून तो किती खोल आहे हें दिसतें. आमचें मत विचाराल तर, सेवा हें धर्मकृत्य असूं शकतें. पण तें ठरविण्याचा अधिकार सेवा करणाराचा आहे, करवून घेणाराचा नाहीं.

आतां फोनर यांच्या विशेष कर्तृत्वाकडे वळूं. ते संघाचे प्रसिद्धिप्रमुख होते. प्रसिद्धि हा शब्द आपल्या कानाला जरा हलका लागतो. पण १९५९ च्या संपांत त्यांनीं जें केलें तें साहित्यिकाच्या कामाहून फारसें निराळें नव्हतें. वृत्तपत्रांत संपाची बातमी 'रोग्यांचे हाल' या मथळ्याखालीं येत होती. फोनर यांनीं वार्ताहरांना नोकरांच्या घरीं नेलें. पगाराचीं पाकिटें, भाड्याच्या पावत्या, मुलांच्या शाळेचा खर्च हें सारें डोळ्यांनीं पाहूं दिलें. हळूहळू मथळा पालटला. 'न्यू यॉर्क पोस्ट'चे संपादक जेम्स वेक्स्लर यांच्यासारखे लोक नोकरांच्या बाजूनें लिहूं लागले. दूरध्वनीवर संपादकांचा पिच्छा पुरविण्याची फोनर यांची चिकाटी त्यांच्या मित्रवर्गांत विख्यात होती. समोर असूनहि जें कोणाला दिसत नाहीं तें दाखविणें, हें जर कादंबरीकाराचें काम असेल, तर या गृहस्थांना कादंबरीकारांच्या पंक्तीला बसविण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

या कलेचा कळस १९६९ सालीं दक्षिण कॅरोलायना राज्यांतील चार्ल्स्टन शहरीं झाला. बारा नोकरांना काढून टाकल्याचें निमित्त होऊन २० मार्च रोजीं तेथील इस्पितळांतील चारशेंहून अधिक कृष्णवर्णीय नोकर, बहुतेक स्त्रिया, संपावर गेले. मेरी मौल्ट्री ही त्यांची पुढारी. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन तेव्हां पुरतें वर्षहि झालें नव्हतें. हयात असतां किंग ११९९ ला आपला आवडता संघ म्हणत. आतां त्यांच्या पत्नी कोरेटा आणि सहकारी राल्फ अॅबरनॅथी संपवाल्यांच्या मिरवणुकींत चालूं लागले. राज्यानें सैन्य आणलें, शेंकडों लोक तुरुंगांत गेले. शंभरांहून अधिक दिवसांनीं तडजोड झाली: बाराहि जणांना परत घेण्यांत आलें, वेतन वाढलें, गाऱ्हाण्यांची पद्धत ठरली, संघाला मान्यता मात्र मिळाली नाहीं, आणि तेथें संघ टिकलाहि नाहीं. या संपावर संघाच्या आश्रयानें मॅडलिन अँडरसन या दिग्दर्शिकेनें १९७० सालीं 'आय अॅम समबडी' हा लहानसा बोलपट काढला. त्यांतील कथन संपांत भाग घेतलेल्या एका स्त्रीच्या तोंडून होतें. 'मी कोणीतरी आहें', हें नांवच पुरेसें बोलकें आहे.

आणि आतां पुस्तकाच्या नांवाकडे येऊं. त्यावर बायबलांतील एका प्रसिद्ध वचनाची छाया आहे हें सुशिक्षित वाचकांस सांगावयास नको. त्याचा अर्थ, मजूर-संघ हा केवळ भाकरीसाठीं नाहीं. आपल्याकडे 'आधीं पोटोबा, मग विठोबा' ही म्हण मोठ्या शहाणपणाची मानली जाते. सुधारक मंडळीहि, मजुराला अगोदर पोटभर अन्न मिळूं द्या, मग काव्य आणि चित्रकला पाहूं, असेंच म्हणतात. परंतु ज्या विठोबाचें नांव या म्हणींत गोवलें आहे त्याचे भक्तच ती पाळीत नाहींत. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याच्या पडशींत भाकर असते, हातांत टाळ असतात आणि मुखांत अभंग असतो. पडशी रिकामी झाली म्हणून अभंग थांबत नाहीं, आणि अभंग चालू आहे म्हणून कोणी पडशी टाकून देत नाहीं. फोनर यांचें सारें आयुष्य म्हणजे या एका गोष्टीचें विवरण होय. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स गांवच्या १९१२ च्या गिरणी-संपाशीं 'भाकर आणि गुलाब' हा शब्दप्रयोग परंपरेनें जोडला गेला आहे. तोच घेऊन त्यांनीं १९७९ सालीं आपल्या संघांत 'ब्रेड अँड रोझेस' ही कलाविषयक संस्था काढली. संघाच्या इमारतींत चित्रशाळा होती. जेवणाच्या सुटींत इस्पितळांत जाऊन नटांनीं नोकरांपुढें प्रयोग केले. ऑसी डेव्हिस आणि रूबी डी यांच्यासारखे नामवंत नट या संघाचे जन्माचे स्नेही झाले.

या उद्योगाचें कौतुक करतांना एक भेद मात्र आम्हांस स्पष्ट करावासा वाटतो. मजुरांपुढें कला नेणें ही एक गोष्ट आहे, आणि मजुरांतून कला येणें ही दुसरी. मुंबईंत १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें, तेव्हां रंगभूमीवर उभा राहणारा आणि खालीं बसून ऐकणारा यांच्यांत अंतरच नव्हतें. अण्णा भाऊ स्वतः गिरणींत राबलेले. पोवाडा व तमाशा हे प्रकार त्यांच्या रक्तांतले. त्यांच्या राजकारणाशीं कोणाचें जमो वा न जमो, त्यांच्या कलेला कोणी बाहेरून आणलेली म्हणूं शकत नाहीं. फोनर यांच्या योजनांत नामवंतांचा भरणा अधिक. १९८१ सालच्या 'इमेजेस ऑफ लेबर' या प्रदर्शनांत मजूर-जीवनाविषयींचीं वचनें घेऊन प्रसिद्ध चित्रकारांकडून चित्रें काढविलीं. तीं सुंदर आहेत, परंतु चितारी मजूर नाहींत. याला अपवाद 'टेक केअर' या संगीतिकेचा. तिची सामग्री इस्पितळांतील नोकरांशीं बोलून, त्यांच्याच अनुभवांतून घेतली होती. आमच्या मतें फोनर यांच्या सर्व सांस्कृतिक उद्योगांत हा प्रयोग सर्वांत मोलाचा, आणि चार्ल्स्टनचा बोलपट त्याच्या जोडीचा. दोहोंतहि संघानें बोलणें थांबवून ऐकावयास आरंभ केला होता.

पुस्तकाचा मुख्य दोष याच ठिकाणीं दिसतो. हें पुस्तक मुळांत बोललेलें आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या मौखिक इतिहासासाठीं दिलेल्या मुलाखतींवर त्याची उभारणी झाली. त्यामुळें त्यांत बोलण्याची ऊब आहे, विनोद आहे, आणि पाल्हाळ नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची आठवण व्हावी असा खेळकरपणा कोठें कोठें दिसतो. परंतु लक्ष्मीबाई जशा स्वतःला हंसतात, तशा त्या स्वतःच्या आंतहि उतरतात. फोनर हंसून पुढें निघून जातात. त्यांच्या पानांत संपादक, नट, पुढारी, धर्मगुरु यांची वर्दळ आहे. कोणाला कसें गांठलें, कोणाकडून काय मिळविलें, याच्या गोष्टी रंगून सांगितल्या आहेत. ज्या बाईसाठीं ही सारी धांवपळ चालली ती मात्र बहुधा छायाचित्रांतल्यासारखी दूर उभी आहे. तिचा चेहरा दिसतो, पण तिचें बोलणें क्वचितच ऐकूं येतें. लिऑन फिंक आणि ब्रायन ग्रीनबर्ग यांनीं १९८९ सालीं याच संघाचा 'अप्हीव्हल इन द क्वाएट झोन' हा इतिहास लिहिला. इस्पितळाबाहेर लावलेल्या 'शांतता राखा' या पाटीवरून योजलेलें तें नांव मोठें मार्मिक आहे. ज्याला नोकरांचें बोलणें आणि संघाचे अंतर्गत वाद समजून घ्यावयाचे आहेत त्यानें तो ग्रंथ याच्या शेजारीं ठेवून वाचावा.

अंतर्गत वादांचा विषय निघाला म्हणून सांगतों. १९८२ सालीं डेव्हिस निवृत्त झाले आणि डोरिस टर्नर संघाच्या अध्यक्ष झाल्या. त्या कृष्णवर्णीय, लेनॉक्स हिल इस्पितळाच्या आहारखात्यांत नोकरी केलेल्या, १९५९ च्या संपांतून पुढें आलेल्या. म्हणजे ज्यांच्यासाठीं संघ झगडला त्यांच्यापैकींच एक आतां सिंहासनावर होती. १९८४ सालीं ४७ दिवसांचा मोठा संप झाला. त्याच वर्षींच्या निवडणुकीविषयीं गंभीर तक्रारी होऊन सरकारी मजूरखात्याच्या देखरेखीखालीं १९८६ सालीं ती पुन्हां घ्यावी लागली व टर्नर पराभूत झाल्या. १९८९ सालीं डेनिस रिव्हेरा अध्यक्ष होईपर्यंत संघाला स्वास्थ्य नव्हतें. हा भाग लिहितांना फोनर स्वतः एका पक्षाचे आहेत, आणि त्यांच्या हातून साक्षीदाराऐवजीं वकिलाचें काम होतें. त्यांच्या दुःखाशीं आमची सहानुभूति आहे; बांधलेलें घर डोळ्यांदेखत मोडतांना पाहणें सोपें नसतें. पण एक प्रश्न त्यांनीं स्वतःला विचारला असता तर पुस्तकाची उंची वाढली असती. तीस वर्षें आपण ज्यांच्या वतीनें बोललों, त्यांना स्वतः बोलण्याची, चुकण्याची आणि सांवरण्याची संवय आपण किती लावली? वारस निवडणें निराळें आणि वारसा देणें निराळें. हा दोष केवळ न्यू यॉर्कच्या त्रयीचा नाहीं. आपल्याकडे गेल्या दीडशें वर्षांत शिकलेल्या लोकांनीं ज्या ज्या मुक्यांची वाचा होण्याचें व्रत घेतलें, त्या त्या ठिकाणीं हीच परीक्षा वाट पाहात उभी होती, आणि तींत उत्तीर्ण झालेल्यांची संख्या मोठी नाहीं.

असो. दोष सांगितले ते पुस्तक थोर आहे म्हणून; सामान्य पुस्तकाच्या दोषांची चर्चा करण्यांत वेळ घालविण्याचें कारण नसतें. या पुस्तकानें आमच्या मनावर ठसविलेली गोष्ट अशी कीं, माणसाला माणूस म्हणून ओळखणें आणि त्याला पोटापुरती मजुरी देणें या दोन वेगळ्या मागण्या नाहींत. एक देऊन दुसरी नाकारणारा दोन्हीं नाकारतो. मजुरी देऊन तोंड फिरविणारा मालक आणि मजुरी न देतां स्तुति करणारा समाज हे एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. २०२० सालच्या त्या सायंकाळीं आपण सर्वांनीं गुलाब वाटले. ते खोटे नव्हते, हेंहि आम्ही मान्य करतों. परंतु भाकरीवांचूनचा गुलाब आणि गुलाबावांचूनची भाकर यांपैकीं दुसरी निदान पोटांत जाते. फोनर दोन्हीं मागत होते, आणि एकदमच मागत होते.

मराठी वाचकानें, विशेषतः ज्यांच्या घरांतून डॉक्टर, संस्थाचालक आणि विश्वस्त निपजतात त्या मध्यमवर्गीय वाचकानें, हें पुस्तक अवश्य वाचावें. भाषा सोपी आहे, गोष्टी मनोरंजक आहेत, आणि इंग्रजी ज्याला बेताचें येतें त्यालाहि तें जड जाणार नाहीं. कोणी त्याचें मराठींत भाषांतर केलें तर उत्तमच. त्याहून उत्तम म्हणजे आपल्या जे. जे., के. ई. एम. आणि ससून यांच्या वॉर्डांत आयुष्य घालविलेल्या एखाद्या आयेच्या किंवा वॉर्डबॉयच्या शेजारीं कोणी वही घेऊन बसावें, आणि तिनें किंवा त्यानें सांगितलेलें तसेंच्या तसें उतरून घ्यावें. तें चरित्र एखादे वेळेस या आत्मचरित्राइतकें चटकदार होणार नाहीं. पण फोनर यांच्या पुस्तकांत जी जागा रिकामी राहिली आहे, ती भरून काढण्याचें सामर्थ्य त्यांत असेल.